तुरुंगातील शिस्त, धर्म आणि आरोग्य



आपल्या शहरातून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागले की हर्सूलला तुरुंगाचा लांबच लांब तट दिसतो. जाणारायेणारा एकदा तिकडे पाहतो आणि मान फिरवतो. आत काय चालते ह्याचा विचार करण्याची वेळ, ज्याचे कोणी आत आहे, त्याच्यावरच येते. आपण सारे बाहेरचे. मग ह्या विषयासाठी आपली संध्याकाळ का घालवायची, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आरंभीच देतो. माणूस तुरुंगात गेला की त्याचे स्वातंत्र्य जाते, पण शरीर आणि श्रद्धा ही त्याच्यापाशीच राहतात. त्यांपैकी शरीर सरकार आपल्या ताब्यात घेते. ती एक ठेव असते, आणि मुदत संपल्यावर ती परत करायची असते. ठेव कशी सांभाळली, यावरून सावकाराची पत कळते, तशी बंदिवानाला कसे वागविले, यावरून राज्याची पत कळते. इंग्रजी अमदानीतल्या तुरुंगात ह्या ठेवीचे काय झाले, ते आज पाहू.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आज ज्याला आपण तुरुंग म्हणतो तो आपल्याकडे फार जुना नाही. पेशवाईत कैदी असत, ते किल्ल्यांवर ठेवीत, बेड्याही घालीत. परंतु गुन्ह्याच्या मानाने महिने आणि वर्षे मोजून, एका नियमाने, एका पोशाखात, हजारो माणसे कोंडून ठेवण्याची पद्धत इंग्रजांनी आणली. ह्या पद्धतीचा पाया १८३५ साली मेकॉलेने लिहिलेल्या टिपणाने घातला गेला. त्यावरून नेमलेल्या समितीने १८३८ साली अहवाल दिला. त्या वेळी कैद्यांना साखळदंडात बांधून सडकेच्या कामावर नेत. समितीने ती पद्धत वाईट ठरविली आणि मोठे मध्यवर्ती तुरुंग बांधून आत कठोर, कंटाळवाणे, एकसुरी काम द्यावे अशी शिफारस केली. कैद्याला नीतीचे किंवा धर्माचे शिक्षण देऊन सुधारावे, ही कल्पना मात्र तिने बाजूस सारली. भीती बसविणे हाच शिक्षेचा हेतू ठरला. पुढची ऐंशी वर्षे आपले तुरुंग ह्याच विचारावर चालले. १९१९-२० साली सर अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने प्रथमच स्पष्ट म्हटले की कैद्याची सुधारणा हेही तुरुंगाचे काम आहे.

आता धर्माचा प्रश्न तुरुंगात कोठून शिरला ते पाहा. तो शिरला स्वयंपाकघरातून. आरंभी कैद्याला रोज काही पैसे मिळत. तो त्यातून शिधा घेई आणि स्वतःची चूल मांडून आपल्या जातीच्या रिवाजाप्रमाणे शिजवून खाई. साहेबांना हे पसंत पडेना. वेळ जातो, गैरव्यवहार होतो, शिस्त राहत नाही, असे त्यांचे म्हणणे; आणि त्यात तथ्य नव्हते असे नाही. म्हणून १८४० नंतरच्या दशकात सर्वांचे अन्न एकत्र शिजविण्याची पद्धत सुरू झाली. बिहारमधल्या तुरुंगांत त्यावरून दंगे उसळले. पुढे १८५५ साली आरा आणि मुजफ्फरपूर येथे कैद्यांचे पितळी लोटे काढून घेऊन मातीची भांडी देण्याचा हुकूम निघाला. पितळी लोटा हे मारण्याचे हत्यार होऊ शकते, हे सरकारचे कारण. पितळ घासले की शुद्ध होते, मातीचे भांडे एकदा विटाळले की विटाळले, हे कैद्याचे कारण. शौचाला नेलेले भांडे आणि पिण्याचे भांडे यांचा हा प्रश्न होता. मुजफ्फरपुरात तर गावचे लोक आणि आसपासचे शेतकरी तुरुंगावर चालून आले, आणि सरकारला लोटे परत द्यावे लागले. दोनच वर्षांनी सत्तावनचा वणवा पेटला, हे आपण जाणतोच.

ह्या अनुभवाने सरकार शहाणे झाले. परंतु ते शहाणपण कोणत्या जातीचे होते ते पाहण्यासारखे आहे. धर्मात हात घालायचा नाही, असे ठरवून त्याने जातिभेद तुरुंगाच्या नियमांत बसवून टाकला. स्वयंपाकाला वरच्या जातीचा कैदी. पायखाने साफ करायला भंगी-मेहतर जातीचा कैदी. बाहेर गावकुसाची जी वाटणी होती तीच आत छापील पुस्तकाच्या कलमांत उतरली. बाहेर निदान रूढी होती, तिच्याशी भांडता येत होते. आत ती सरकारी हुकूम झाली, आणि हुकूम मोडला तर शिक्षा होती. कैद्याच्या श्रद्धेला मान दिला असे सरकार म्हणे. पण हा मान ज्याच्या डोक्यावर मैल्याची पाटी आली त्याच्या वाट्याला कधी आला नाही.

आरोग्याची गोष्ट अशीच दुहेरी आहे. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात तुरुंग म्हणजे रोगाचे आगरच होते. पटकी, हगवण, हिवताप, क्षय यांनी माणसे पटापट मरत. न्यायाधीशाने दोन वर्षांची कैद सांगावी आणि हगवणीने तिचे देहांत शासन करावे, असा प्रकार. सरकारी समित्यांनाही ह्या मृत्यूंची लाज वाटू लागली आणि हळूहळू बंदोबस्त सुरू झाला. १८९४ चा तुरुंगांचा कायदा झाला, त्यात हा बंदोबस्त स्पष्ट दिसतो. प्रत्येक तुरुंगाला वैद्यकीय अधिकारी हवा. कैदी आला की त्याची तपासणी व्हावी, अंगावरच्या जखमा आणि खुणा टिपून ठेवाव्यात, कोणते काम त्याला झेपेल ते लिहावे. सक्तमजुरीच्या कैद्याला निकडीचा प्रसंग सोडून दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम देऊ नये. आणि काम करणाऱ्या प्रत्येक कैद्याचे वजन निदान पंधरवड्यातून एकदा करून त्याच्या हिस्टरी तिकिटावर नोंदवावे. हे हिस्टरी तिकीट म्हणजे कैद्याची तुरुंगातली कुंडलीच. काम किती केले, शिक्षा किती झाली, वजन किती भरले, सारे त्या एका कागदावर.

नियम चांगला होता, हे मोकळेपणाने कबूल केले पाहिजे. बाहेरच्या गरीब शेतकऱ्याचे वजन कोण करीत होते? पण त्याच कायद्यात पुढे वाचावे. तुरुंगाचा नियम मोडणाऱ्याला बेड्या घालता येतील, गोणपाटाचे कपडे देता येतील, एकांत कोठडीत ठेवता येईल, अन्न कमी करून नुसत्या शिक्षेच्या खाण्यावर ठेवता येईल, आणि तीसपर्यंत फटके मारता येतील. फटक्यांचा वेत किती जाडीचा असावा हेही कायद्यात आहे: अर्ध्या इंचापेक्षा कमी नको. आणि फटके मारण्यापूर्वी डॉक्टरने तपासून सांगितले पाहिजे की हा माणूस फटके खाण्याजोगा धडधाकट आहे. जिल्ह्याच्या गावी तर सिव्हिल सर्जन हाच पुष्कळदा तुरुंगाचा सुपरिंटेंडेंट असे. म्हणजे नाडी पाहणारा आणि शिक्षा सांगणारा हात एकच. आरोग्य हे शिस्तीच्या सेवेला लावले गेले. शरीर सांभाळायचे ते कामाला यावे म्हणून, आणि वेळ आली तर शिक्षा सोसण्याला यावे म्हणून.

ह्याहून विलक्षण उदाहरण मुंबईचे आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. वाल्डेमार हाफकिन ह्या शास्त्रज्ञाने मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १८९७ च्या १० जानेवारीला ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग निघाला, तेव्हा तेथल्या पुढे आलेल्या कैद्यांना ती टोचण्यात आली. टोचून घेतलेले आणि न घेतलेले असे दोन गट पडले. दोघांचे अन्न एक, पाणी एक, छप्पर एक. म्हणून तुलना चोख झाली. टोचलेल्यांत रोग कमी झाला, आणि पुढे त्या लसीने असंख्य जीव वाचविले. ज्या प्रयोगशाळेचे नाव १९२५ पासून हाफकिन संस्था आहे, तिचा पाया असा पडला. हाफकिनच्या धैर्याला नमस्कारच केला पाहिजे. पण ज्यांच्या दंडावर त्या लसीची परीक्षा झाली त्या कैद्यांची नावे आपणांस ठाऊक नाहीत. ते स्वखुशीने पुढे आले, असे सांगतात. दाराला कुलूप असताना खुशी कितपत स्वतःची असते, हा प्रश्न मी आपल्या विचारासाठी ठेवतो.

अन्न, श्रद्धा आणि वजन यांचा संबंध सुशिक्षित महाराष्ट्राला कळला तो आपली माणसे आत गेली तेव्हा. १८८२ साली टिळक आणि आगरकर कोल्हापूर प्रकरणात डोंगरीच्या तुरुंगात गेले आणि १०१ दिवसांनी सुटले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिले. १८९७ साली टिळकांना राजद्रोहाबद्दल दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. कांदा-लसूण न खाणाऱ्या त्या गृहस्थाला तुरुंगाचे कालवण चालेना. कोरड्या भाकरीवर दिवस काढता काढता त्यांची प्रकृती ढासळली, वजन झपाट्याने उतरले. तेव्हा लोकांत हळहळ झाली. हळहळ योग्यच होती. परंतु तेच खाणे वर्षानुवर्षे खाणाऱ्या हजारो अनाम कैद्यांबद्दल ती पूर्वी झाली नव्हती, हेही तितकेच खरे.

पुढे गांधीजी येरवड्याला आले आणि तुरुंगाचा प्रश्न निराळ्या तऱ्हेने पुढे आला. मुळशीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली जो सत्याग्रह झाला, त्यातले कैदी १९२३ साली येरवड्यातच होते. कामावरून तंटा झाला आणि त्यांना फटके मारण्यात आले. काहींनी उपवास सुरू केला. गांधीजींना हे कळताच त्यांनी त्या कैद्यांची भेट मागितली. बऱ्याच पत्रव्यवहारानंतर अण्णासाहेब दास्ताने आणि शंकरराव देव यांच्याशी त्यांची भेट झाली. त्यांनी कैद्यांना सांगितले ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे. अपमान सहन करू नका, पण तुरुंगाचा साधा, मानाला धक्का न लावणारा नियम पाळा. काम नाकारणे हा सत्याग्रह नव्हे. उपवास सुटला. सरकारनेही पुढे हुकूम काढला की शिपायांवर हल्ला केल्याखेरीज इतर अपराधांना वरून मंजुरी घेतल्यावाचून फटके मारू नयेत. दोन्ही बाजूंनी शिस्तीची व्याख्या थोडी बदलली. शिस्त म्हणजे नुसती भीती, हा १८३८ चा अर्थ येथे पहिल्यांदा डळमळला.

१९२४ च्या १२ जानेवारीला गांधीजींवर पुण्याच्या ससून रुग्णालयात आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली. कर्नल मॅडॉक यांनी ती केली. मध्येच विजेचे दिवे गेले, तेव्हा कंदिलाच्या उजेडात काम पुरे करावे लागले. सगळ्या देशाचे डोळे त्या खाटेकडे लागले होते. कैद्याचे आजारपण ही राष्ट्राची बातमी होऊ शकते, हे त्या दिवशी सरकारला कळले. लाहोरच्या तुरुंगात १९२९ साली जतींद्रनाथ दास त्रेसष्ट दिवसांच्या उपवासाने वारले, तेव्हा ते पुन्हा कळले. ज्या शरीराची मालकी सरकार सांगत होते, ते शरीर कैद्याने परत मागून घेतले होते. पुढच्याच वर्षी कैद्यांचे अ, ब, क असे वर्ग पाडण्यात आले. सुधारणा झाली खरी, पण शिकलेल्याला आणि प्रतिष्ठिताला वरचा वर्ग आणि गरिबाला ‘क’. तुरुंगात एक नवी वर्णव्यवस्था आली!

आणि आता मी ज्या प्रसंगासाठी हा विषय निवडला तो सांगतो. १९३२ सालची गोष्ट. अप्पासाहेब पटवर्धन रत्नागिरीच्या तुरुंगात होते. कोकणचे गांधी म्हणून ज्यांना आपण ओळखतो ते हे. जातीने ब्राह्मण, विद्वान. त्यांनी सुपरिंटेंडेंटकडे मागणी केली की मला पायखाने साफ करण्याचे काम द्या. तुरुंगाच्या इतिहासात कैद्यांनी काम कमी करा म्हणून अर्ज केले असतील, चांगले काम द्या म्हणून केले असतील. हा अर्ज निराळाच होता. नियमाप्रमाणे ते काम ठरलेल्या जातीच्या कैद्यांचे होते, म्हणून तो नामंजूर झाला. अप्पासाहेबांनी अन्न कमी केले. येरवड्याला गांधीजींना हे समजले. सप्टेंबरात पुणे कराराचा उपवास होऊन त्यांना अडीच महिनेही झाले नव्हते. तरी ३ डिसेंबरला त्यांनी अप्पासाहेबांसाठी उपवास आरंभला. सरकारकडून विचार करण्याचे आश्वासन आल्यावर दुसऱ्या दिवशी तो सोडला.

ह्या लहानशा प्रसंगाचा अर्थ काय? १८५५ साली कैदी म्हणत होता, माझ्या धर्मात हात घालू नका. १९३२ साली एक कैदी म्हणत होता, धर्माच्या नावाने तुम्ही जो भेद नियमात घातला आहे तो काढा, कारण माझा धर्म मला सांगतो की ते काम माझेही आहे. दोघेही श्रद्धेनेच बोलत होते. पहिल्याने लोटा राखला, दुसऱ्याने झाडू मागितला. मधल्या सत्त्याहत्तर वर्षांत फुल्यांपासून आंबेडकरांपर्यंत केवढे मंथन ह्या भूमीत झाले, त्याचे हे एक फळ. अप्पासाहेबांनी पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात सफाईचे आणि मैलाखताचे शास्त्रच उभे केले. म्हणजे तुरुंगात मागितलेले काम त्यांनी बाहेर आयुष्यभर केले.

त्याच १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा होते. तेथे २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी त्यांनी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले. साने गुरुजी ते उतरून घेत. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ असा तयार झाला. दिवसाचे काम, आठवड्याची गिनती, आणि रविवारी गीता. हे सारे तुरुंगाच्याच वेळापत्रकात बसले. मेकॉलेच्या समितीने तुरुंगातून जे शिक्षण हद्दपार केले होते, ते कैद्यांनी आपले आपण परत आणले. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली तीही नाशिकच्या तुरुंगात, १९३३ च्या फेब्रुवारीत. गांधीजी येरवड्याला मंदिर म्हणत. तुरुंगाला मंदिर म्हणणे ही नुसती अलंकारिक भाषा नव्हती. वेळेवर उठणे, मोजके खाणे, काम, मौन, प्रार्थना ही आश्रमाचीही चर्या आहे आणि तुरुंगाचीही. तुरुंगात ती वरून लादलेली असते, आश्रमात आपण ती स्वीकारलेली असते. एवढ्या एका फरकाने माणूस मोडतो किंवा घडतो.

आपला मराठवाडा त्या वेळी इंग्रजांच्या थेट अमलाखाली नव्हता. येथे निजामाचे राज्य होते. तरी तुरुंगाची घडी इंग्रजी नमुन्यावरचीच. १९३८ साली हैदराबाद संस्थानात सत्याग्रह झाला. स्टेट काँग्रेसने तो नागरी हक्कांसाठी केला, आर्य समाजाने धर्मस्वातंत्र्यासाठी केला. ह्याच वर्षी आपल्या शहरातल्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हटले, त्यावरून बंदी आली, आणि ते आंदोलन हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत पसरले. त्या काळात रामचंद्रराव नावाच्या तरुणाला तुरुंगात फटके मारण्यात आले, तेव्हा प्रत्येक फटक्याला तो ‘वंदे मातरम्’ म्हणत राहिला. पुढे लोकांनी त्याचे आडनावच वंदे मातरम् करून टाकले. शिस्तीने मारलेला फटका आणि श्रद्धेने दिलेले उत्तर यांचा सामना इतका उघडा क्वचितच झाला असेल. हर्सूलच्या तटाआडही मुक्तिसंग्रामातले सत्याग्रही राहून गेले आहेत. म्हणून त्या तटाकडे पाहून मान फिरविण्याचा अधिकार निदान ह्या शहराला नाही.

अंधारात एक पणतीही होती, तिचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. औंध संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत झाली. मॉरिस फ्रीडमन ह्या पोलिश गृहस्थाने कल्पना मांडली, राजेसाहेबांनी मान्यता दिली, आणि खुनासारख्या गुन्ह्याचे कैदी तटाशिवाय, बेड्यांशिवाय शेती करू लागले. व्ही. शांतारामांचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट त्यावरूनच सुचला. आपल्या जिल्ह्यात पैठणला पुढे खुले कारागृह झाले, ते ह्याच विचाराच्या वाटेवरचे.

आता कोणी म्हणेल, हा सारा इतिहास झाला; साहेब गेला, त्याबरोबर त्याचा तुरुंगही गेला. तसे झाले नाही. १८९४ चा कायदा स्वातंत्र्यानंतरही आपण चालू ठेवला. अप्पासाहेबांनी ज्या नियमाविरुद्ध अन्न कमी केले, तसे नियम अनेक राज्यांच्या तुरुंग-पुस्तकांत राहून गेले. सुकन्या शांता ह्या पत्रकार बाईंनी त्याविरुद्ध अर्ज केला, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की जातीवरून कामाची वाटणी करणे घटनाविरुद्ध आहे. हे नियम बदला, आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाका. १९३२ चा तो अर्ज मंजूर व्हायला ब्याण्णव वर्षे लागली, असेच म्हणावयाचे. आणखी एक आकडा सांगतो. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत जे बंदी होते, त्यांतले चारांपैकी तीन अजून खटला चालू असलेले होते. म्हणजे ज्यांचा अपराध शाबीत झालेला नाही अशा माणसांची शरीरे आपण ठेव म्हणून घेतली आहेत.

तुरुंगात शिस्त हवी. तिच्यावाचून दुर्बळ कैद्याला दांडगा कैदी जगू देणार नाही. आरोग्याची व्यवस्था हवी, आणि प्रत्येकाला आपापल्या श्रद्धेने हात जोडण्याची मोकळीकही हवी. इंग्रजी तुरुंगात ह्या तिन्ही गोष्टी होत्या. उणीव होती ती एवढीच की आरोग्य आणि धर्म ही दोन्ही शिस्तीच्या दावणीला बांधलेली होती, आणि शिस्त भीतीच्या. दास्ताने, देव, अप्पासाहेब, विनोबा यांनी आत राहून ती दावण सोडविण्याचा प्रयत्न केला. बाहेर राहून ती सोडविणे हे आपले काम आहे. उद्या आपण अजिंठ्याच्या रस्त्याने जाल, तेव्हा हर्सूलच्या तटापाशी क्षणभर नजर ठेवा. आत ठेवलेल्या माणसाचे वजन, त्याचे औषध, त्याच्या हातातला झाडू यांचा हिशेब शेवटी आपल्याच नावावर पडतो.